कोरं रजिस्टर कसं राखावं

अभिनंदन! अपघाताचं रजिस्टर तुमच्याकडे आलं, म्हणजे कारखान्यात तुमच्यावर भरवसा बसला. बाकीची रजिस्टरं भरायची असतात, ती कुणीही भरतो. हे एकच रजिस्टर न भरता सांभाळायचं असतं आणि त्याला माणूस घरचा लागतो.

मी हे काम एकतीस वर्षं केलं. आधी कपाशीच्या जिनिंगमध्ये, मग जळगावच्या एमआयडीसीत. तिथं पहिल्यांदा चटईच्या आणि शेवटी पाइपाच्या कारखान्यात. रिटायर झालो त्या दिवशी शेठनं शाल-नारळ दिला, भरीत-पुरीचं जेवण घातलं आणि भाषणात म्हणाले, "आबांच्या काळात आपल्याकडे एक अपघात झाला नाही." टाळ्या पडल्या. पुढच्या ओळीतल्या तिघांना टाळी नीट वाजवता आली नाही, पण ते असो. ही विद्या माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या.

पहिलं म्हणजे ४८ हा आकडा देवघरात लिहून ठेवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ८८ वं कलम म्हणायचं की जखमेमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवा. २०२० ची नवी संहिता आली, कायद्याची नावं बदलली, कलमांचे नंबर बदलले. ४८ तास तेवढे जिथल्या तिथं राहिले. आता नीट वाचा. कायदा हाड मोडलं का विचारत नाही, किती टाके पडले विचारत नाही. कामावर आला का, एवढंच विचारतो. मग आणा की त्याला कामावर! सकाळी जीप पाठवा. दोघांनी धरून उतरवा. मस्टरवर सही घ्या, उजवा हात बांधलेला असेल तर डाव्या हाताचा अंगठा घ्या. मग सावलीत बाकड्यावर बसवा आणि त्याला हलकं काम द्या. हे 'हलकं काम' म्हणजे आपल्या धंद्यातलं अमृत आहे. मी माणसं वॉशर मोजायला बसवली, झाडांना पाणी घालायला ठेवली. एकाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, त्याला फाटकावर येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. डाव्या हातानं त्याला लिहिता येत नव्हतं. पण पावसाळ्याचे दिवस, गाड्याही फारशा येत नव्हत्या.

दवाखान्याचं मात्र सांभाळा. इएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, वर्गणी शेठ दर महिन्याला भरतात, पण म्हणून लगेच तिकडे धावू नका. तिकडे गेलं की कागद होतो. कामावरच्या जखमेनं अपघाताचा दिवस सोडून तीन दिवस माणूस बसला, तर त्याला पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास भत्ता मिळतो. एवढे पैसे देण्याआधी ते लोक विचारणारच ना, कुठं लागलं, कशानं लागलं, मशीन कोणतं? त्यापेक्षा ओळखीच्या डॉक्टरकडे न्या, बिल रोख द्या आणि केसपेपरवर लिहून घ्या, 'घरी काम करताना'. यात कल्पकता लागते. मी बरीच वर्षं 'कडबाकुट्टीत बोट गेलं' असंच लिहून घ्यायचो. खान्देशात ते खपून जातं, गावोगाव कुट्टी मशीन आहे. पण एका पावसाळ्यात डॉक्टरनं चष्मा वर करून विचारलं, "काय हो आबा, तुमच्या सगळ्या कामगारांकडे गुरं आहेत का?" तेव्हापासून मी आलटून-पालटून लिहायला लागलो: एकदा कुट्टी, एकदा मोटरसायकलची चेन, एकदा दाराची फट.

तरी एखादं बोट असं जातं, की दाराच्या फटीवर ढकलता येत नाही. घाबरू नका. बोटांचे भाव ठरलेले आहेत. १९२३ च्या भरपाई कायद्याला परिशिष्ट होतं, त्यात कमाईची ताकद किती गेली याचे टक्के दिले होते. अंगठा ३०. अंगठ्याशेजारचं बोट १४, मधलं १२, करंगळी आणि तिच्या शेजारचं ७-७. नुसतं टोक उडालं आणि हाड शाबूत असलं, तर करंगळीचे २. इएसआयच्या बाहेर राहिलेल्या माणसाचा हिशेब मी करून ठेवलाय. वय ३०, पगार १२,००० असेल तर पगाराचे ६० टक्के धरायचे, त्याला २०७.९८ नं गुणायचं, त्याचे ७ टक्के काढायचे. करंगळी पडली १,०४,८२२ रुपयांना. रावेरला केळीचा भाव रोज बदलतो, जळगावच्या सराफात सोन्याचा तासातासाला बदलतो. करंगळीसारखा स्थिर माल नाही. आणि ते २०७.९८ मधले दशांश बघा. माणसाच्या बाबतीत एवढं काटेकोर दुसरं काही मी पाहिलं नाही.

अर्थात हा भाव देण्याआधी त्याच कायद्यातली सवलत वाचून घ्या. माणूस मेला नाही किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला नाही आणि तो दारू प्यालेला होता, किंवा त्यानं जाणूनबुजून सुरक्षेची जाळी काढली होती आणि त्यामुळेच अपघात झाला, असं ठरलं तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. म्हणून अपघात झाला की आधी दोन गोष्टी शोधायच्या, तोंडाचा वास आणि जाळी. जाळी चार महिन्यांपूर्वी प्रॉडक्शन वाढावं म्हणून आपणच काढायला लावलेली असते, पण ती स्टोअरच्या मागं गंजत पडलेली असते हे कुणाला माहीत? ती उचलून मशीनशेजारी टेकवून ठेवायची. फोटोत छान दिसते.

आणि तो माणूस आपला होता का, हे तरी पाहिलंत का? बहुतेक नसतोच. तो ठेकेदाराचा असतो. कायदा म्हणतो, ठेकेदारामार्फत आलेला मजूरही कारखान्याचाच कामगार. कायद्याला म्हणायला काय जातंय, कायद्याला संध्याकाळी शेठला तोंड दाखवायचं नसतं. ठेकेदाराचा माणूस पडला की मशीन आपलं, वीज आपली, माल आपला, फरशीवरचं रक्त ठेकेदाराचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. तुमच्या वहीला धक्काही लागत नाही.

आता बक्षीस योजना. हे शहाणपण मी उशिरा शिकलो, तुम्ही लवकर शिका. फाटकाशी फळा लावायचा: 'आज अपघातविरहित दिवस क्रमांक अमुक'. शंभर दिवस झाले की अख्ख्या खात्याला स्टीलचे डबे, दोनशे झाले की कुकर. मग बघा, तुम्हाला काही दाबावं लागत नाही. नव्व्याण्णवाव्या दिवशी एकाचं नख उपटलं. खात्यातले सगळे त्याच्याभोवती जमले आणि म्हणाले, "भो, एक दिवस थांब ना." थांबला बिचारा. फडकं गुंडाळून पाळी पूर्ण केली. डबा घ्यायला आला तेव्हा त्यानं तो डाव्या हातानं घेतला. शेठनं टोकलं, "अरे, उजव्या हातानं घ्यावं, शुभ असतं."

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. बॅनर, शपथ, निबंध स्पर्धा, लाडू. शपथ मोठ्यानं म्हणायला लावा, एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढायची मशीनं, चालू असले तर ऐकू येत नाही. एवढं पुरे.

मधेच एखादा इंजिनियर पोरगा मोबाइलवर वाचून येईल आणि सांगेल, अमेरिकेत प्रथमोपचारावर न भागणाऱ्या प्रत्येक जखमेची यादी ठेवावी लागते, वर्षाचा गोषवारा १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल भिंतीवर लावावा लागतो, तोही वरच्या साहेबाच्या सहीनं आणि एकही अपघात झाला नसला तरी! वर सांगेल की तिथं बोट तुटलं तर २४ तासांत सरकारला कळवतात. त्याला शांतपणे चहा पाजा. म्हणावं, बाबा, त्यांच्याकडे भिंती जास्त आहेत. आपल्या भिंतीवर गणपती आहे, शेठच्या वडिलांचा फोटो आहे, लायसन आहे, जागा कुठं आहे? तरी ऐकेना, तर तो १९३१ सालच्या हाइनरिखचं नाव काढेल. विमा कंपनीतला माणूस तो. त्यानं मांडलं होतं की एका मोठ्या अपघातामागं २९ किरकोळ जखमा असतात आणि ३०० वेळा नुसतं थोडक्यात निभावलेलं असतं. त्या आकड्यांवर पुढं पुष्कळांनी शंका घेतल्या, हे त्या पोराला जरूर सांगा. मोठ्या अपघातामागं पुष्कळदा आधी बारके होऊन गेलेले असतात, एवढ्यापुरता तो बरोबर होता, हे सांगू नका. आपल्याकडे त्या तीनशेंची सोय वेगळी आहे. पट्टा तुटून कानाजवळून गेला की आपण म्हणतो, "वाचना रे भो!" आणि नारळ फोडतो. खंडेनवमीला मशीनला हळद-कुंकू वाहतो, लिंबू-मिरची बांधतो. नोंद ठेवली असती तर एकाच मशीनसमोर वर्षात किती नारळ फुटले ते कळलं असतं. आपण नारळ मोजत नाही, खोबरं वाटून टाकतो.

जखम निदान दिसते, ती झाकावी लागते. आजाराचं तसं नाही, तो स्वतःच स्वतःला झाकतो. म्हणून नवशिक्यानं आजारापासून सुरुवात करावी, हात बसतो. कारखान्यांच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवण्याजोगे २९ आजार आहेत. मी जिनिंगमध्ये होतो तेव्हा त्यातल्या एकाशी माझी रोजची गाठ पडायची, पण नाव माहीत नव्हतं. बिसिनोसिस. कापसाच्या धुळीनं होतो. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, रात्रंदिवस चालायचे, हवेत रुईचं बारीक धुकं, दिव्याभोवती खळं पडायचं. सुट्टी संपवून माणूस कामावर आला की दुपारपर्यंत म्हणायचा, छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी जरा कमी, तिसऱ्या दिवशी बरा. पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. या आजाराची खूणच ती आहे, सुट्टीनंतरचा पहिला दिवस. इंग्रज लोक त्याला सोमवारचा ताप म्हणायचे. आमच्या मुकादमानं निदान जास्त अचूक केलं होतं. म्हणायचा, "काल हाणली असेल जास्त." आणि सगळे हसायचे, दम लागलेला माणूससुद्धा हसायचा, मग खोकायचा. असं काही वर्षं चालतं. पुढं सुट्टी असो नसो, दम रोजचाच होतो. मग तो गावी जातो. तिथला डॉक्टर विचारतो, विडी ओढतो का? ओढतोच. झालं, विडीच्या नावावर लिहिलं. विडीनं हा आजार वाढतो हे खरंच आहे, पण हजेरी आमच्याकडे लागत होती, विडीकडे नव्हे.

डॉक्टरला यात आजार कळवायचं बंधन आहे. १९४८ च्या अधिनियमात ८९ व्या कलमाप्रमाणे यादीतला आजार दिसला तर त्यानं कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं होतं, नाही कळवलं तर दंड १,००० रुपयांपर्यंत होता. जळगावात चार जणांचं शेवभाजीचं जेवण एवढ्यात नीट होत नाही. आणि कामाचं काय करता हा प्रश्न दवाखान्यात किती जणांना विचारतात, ते तुम्ही स्वतःच्या केसपेपरवर बघा.

चटईच्या लूमवरची माणसं बहिरी होतात, तेही यादीत आहे. माझ्या वेळी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा होती. पण बहिरा माणूस तक्रार करत नाही, घरी टीव्ही मोठ्यानं लावतो. बायको समजते, मुद्दाम ऐकत नाही. त्यांच्या भांडणात कारखान्यानं कशाला पडावं?

उन्हाळा तर आपला जुना मित्र. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो, वर पत्र्याचं शेड, खाली दोनशेच्या आसपास तापलेली एक्स्ट्रूडरची नळी. माणूस चक्कर येऊन पडला तर लिहायचं काय? 'ऊन लागलं.' ऊन देवाचं. कांदा हुंगवा, कैरीचं पन्हं पाजा, घरी सोडा. देवावर केस होत नाही.

आणि ज्यांना रजिस्टरच नाही, त्यांचं सुख तर विचारूच नका. नंदुरबारला जा, मिरचीच्या पथारी बघा. लांबवर लालभडक पसरलेलं असतं, फोटोला फार सुंदर. त्या लालाच्या कडेला बाया बसून देठ खुडत असतात. संध्याकाळी हात असे पेटतात की पोराला जवळ घेता येत नाही, डोळ्याला पदर लावायचा तर पदरालाही तिखट. एका बाईनं मला सांगितलं होतं, "घर जाईसन पह्यले शेनमा हात घालस." शेणात हात घालून आग शमवायची! आता सांगा, ही जखम आहे का आजार आहे? कुठल्या रकान्यात लिहाल? तिला मस्टर नाही, पास नाही, फाटक नाही. ४८ तास ती घरी बसली, तर कामावर आली नाही हे कुणाला कळणार? तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. माझ्या एकतीस वर्षांत मला एवढं कोरं रजिस्टर जमलं नाही.

एवढं सगळं केलंत तरी एक भोक राहतं. मला ते शेवटच्या वर्षी सापडलं, तुम्ही आधीच बुजवा.

आमच्या फाटकाबाहेर एक चहाची टपरी आहे. उधारी चालते, त्याची वही आहे, दोऱ्यानं खांबाला बांधलेली. श्रावणातली गोष्ट, घरोघर कानबाईच्या सणाची गडबड, मी पाऊस थांबायची वाट बघत टपरीत उभा. हाताला चाळा म्हणून वही उघडली. ठेकेदाराची माणसं सारखी बदलतात, त्यामुळे चहावाला नावं लिहीत नाही, मशीनवरून लिहितो. एका पानावर होतं 'चार नंबरवाला लांब्या'. रोज दोन चहा, रोज दोन चहा, आणि १९ जूनला गाडी थांबली. पुढं कोरं. मी पान उलटलं. 'चार नंबरवाला नवीन'. २१ जूनपासून दोन चहा, कधी सोबत बिस्कीट. ८ जुलैला बंद. त्याच्या पुढचं पान, 'चार नंबरवाला नवीन, दुसरा'. हा एकच चहा घ्यायचा, कट. २ ऑगस्टला बंद.

चार नंबर म्हणजे भंगार प्लास्टिक दळायचा ग्राइंडर. त्याचं झाकण उघडलं की मशीन आपोआप बंद पडायला हवं, त्यासाठी लिमिट स्विच असतो. सारखं बंद पडतं म्हणून जूनमध्ये त्या स्विचला तार गुंडाळली होती. तारेची चिठ्ठी माझ्या टेबलावरून गेली होती, 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून. तिघांच्या केसपेपरवर एक कुट्टी, एक चेन, एक दार. फळ्यावर त्या दिवशी एकशे बासष्ट. मी एवढ्या वर्षांत जे कुणाला दिसू दिलं नाही, ते दीड फूट दोऱ्याला बांधून उघड्यावर लोंबत होतं, तेही तारीखवार आणि मशीनवार, वर चहाचे डाग.

तेव्हा अशी वही दिसली की वेळ घालवू नका, ताब्यात घ्या. मी तिथंच पाकीट काढलं. म्हटलं, "कितीची उधारी आहे सगळी? मी भरतो. नवी वही घेऊन देतो, ही मला दे."

तो ग्लास विसळत होता. मान वर न करता म्हणाला, "नही आबा. त्या तिन्ही जनसनी बाकी शे आजून. येतीन त्या, तवय काय दखाडू?"